सेवा हीच प्रार्थना? : एक प्रतिवाद

‘माझं काम हीच माझी प्रार्थना,’ हे वाक्य आता आपल्या मंडळ्यांमध्ये आणि धर्मग्रामांमध्ये सर्रास ऐकू येते. ते म्हणणारी माणसे कर्तबगार असतात. कुणी शाळा उभी केलेली असते, कुणी पाड्यांवर दवाखाना चालवत असते, कुणी आयुष्यभर वस्तीतल्या मुलांना शिकवलेले असते. त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे आणि म्हणूनच त्यांच्या या वाक्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. आळशी माणसाने प्रार्थना टाळली तर त्याचे अनुकरण कुणी करत नाही. कर्तबगार माणसाने ती टाळली आणि टाळण्याला तत्त्वज्ञानाचे रूप दिले, की पुढची पिढी ते तत्त्वज्ञान तेवढे उचलते. काम उचलेलच असे नाही.

त्यांची बाजू आधी नीट मांडतो. ते म्हणतात, देवाला आपल्या शब्दांची गरज नाही. येशूने स्वतःच सांगितले की नुसते ‘प्रभू, प्रभू’ म्हणणाऱ्याला स्वर्गाच्या राज्यात जागा नाही, पित्याच्या इच्छेप्रमाणे वागणाऱ्याला आहे. आमोस संदेष्ट्याने देवाच्या वतीने सण, होम आणि गायन धुडकावून लावले आणि न्यायाची मागणी केली. उघड्या-उपाशी भावंडाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्याचा विश्वास याकोबाने मेलेला ठरवला. शिवाय, प्रार्थनेच्या आडोशाला किती अन्याय निवांत झोपले, याचा इतिहास चर्चला नवा नाही. मग गुडघे टेकण्यात वेळ घालवण्यापेक्षा भुकेल्याला जेवू घालावे. तीच उपासना.

यातली प्रत्येक तक्रार खरी आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि ज्या शास्त्राच्या आधारे तो काढला जातो तेच शास्त्र त्याच्या विरोधात उभे राहते.

आमोसाचेच घ्या. पाचव्या अध्यायातला त्याचा न्यायाचा पुकार सगळ्यांना पाठ असतो. सातव्या अध्यायापर्यंत मात्र फार थोडे जण जातात. तिथे त्याला टोळधाडीचा दृष्टान्त होतो, मग आगीचा. दोन्ही वेळा हा कठोर बोलणारा मेंढपाळ त्याच अपराधी लोकांसाठी देवाजवळ गयावया करतो, की हे राष्ट्र लहान आहे, ते तगणार कसे. आणि दोन्ही वेळा देव मागे फिरतो. ज्यांच्यावर आमोसाने आसूड ओढला त्यांच्यासाठीच तो मध्यस्थी करत होता. त्याच्या शब्दांना धार कुठून आली, याचे उत्तर या प्रार्थनेत आहे. याकोबाच्या पत्राचेही तसेच. दुसऱ्या अध्यायात कृतीशून्य विश्वासाची खरडपट्टी आहे आणि पाचव्या अध्यायात आजाऱ्यासाठी, पाप्यासाठी, एकमेकांसाठी प्रार्थना करण्याचा आग्रह आहे. पत्र एकच, लिहिणाराही एकच. त्याला यात विसंगती दिसली नाही. आपल्याला दिसते, कारण आपण अर्धेच पत्र वाचतो.

आता येशूकडे वळू. मार्कच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमची एक संध्याकाळ आहे. सूर्य मावळला आणि सारे गाव दाराशी लोटले. नाना रोगांनी पिडलेल्या कितीतरी जणांना त्याने बरे केले. दुसऱ्या दिवशी अगदी पहाटे, अंधार असतानाच तो उठला, गावाबाहेर एकांतात गेला आणि प्रार्थना करू लागला. शिमोन आणि त्याचे सोबती शोधत मागे आले आणि म्हणाले की सगळे तुमचा शोध घेत आहेत. त्यांच्या बोलण्यात तक्रार आहे. दारात रोगी असताना हा इथे काय करतो आहे? ‘सेवा हीच प्रार्थना’ हा सिद्धान्त खरा असता तर येशूला गाव सोडून जायचे कारणच नव्हते. आदल्या रात्रीची सेवा हीच त्याची प्रार्थना ठरली असती. पण तो गेला. आणि परत बोलावल्यावर त्याने कफर्णहूमला परतायचे नाकारले. आसपासच्या गावांत जाऊ, मी त्यासाठीच आलो आहे, असे सांगितले.

दारातली गर्दी खरी होती, तिचे दुःख खरे होते, मागणी रास्त होती. तरीही आज कुठे जायचे हे त्या मागणीने ठरवले नाही. ते पहाटेच्या एकांतात ठरले होते. सेवा करणाऱ्या प्रत्येक माणसापुढे हा प्रश्न रोज उभा राहतो: माझी दिशा कोण ठरवतो? ज्याला प्रार्थनेची जागा नाही, त्याची दिशा मोठ्याने हाक मारणारा ठरवतो. देणगीदार ठरवतो, कौतुक करणारा ठरवतो, आणि शेवटी स्वतःचा दुखावलेला अहंकार ठरवतो. वीस-पंचवीस वर्षे चांगले काम करून कडवट झालेली माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांचे काम थकले नाही. कामाच्या धन्याशी असलेले बोलणे थांबले.

इथे कुणी म्हणेल की हे गालिलातले झाले, आपल्याकडचे सांगा. आपल्याकडचे उदाहरण तर ‘सेवा हीच प्रार्थना’ म्हणणारे स्वतःच देत असतात. ते पंडिता रमाबाईंचे नाव घेतात. समाजसुधारक, विधवांची कैवारी, दुष्काळात हजारोंना वाचवणारी स्त्री म्हणून तिचा गौरव होतो आणि व्हायलाच हवा. पण रमाबाईंनी स्वतःच्या आयुष्याचा जो हिशेब लिहून ठेवला आहे तो या गौरवात बसत नाही, म्हणून तो गाळला जातो.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. १८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन सुरू केले, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणले. बालविधवांना शिक्षण आणि निवारा देणारे हे काम तेव्हाच देशात आणि परदेशात नावाजले गेले होते. म्हणजे सेवा जोरात चालू होती. तरीही १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतरची कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. विल्यम हॅसलम नावाच्या एका इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. धर्मोपदेशक असूनही आपले परिवर्तन फार उशिरा झाले, अशी कबुली त्या गृहस्थाने दिली होती. ते वाचून रमाबाई अस्वस्थ झाल्या, शास्त्राकडे आणि प्रार्थनेकडे नव्याने वळल्या आणि १८९१ च्या सुमारास त्यांना ती शांती लाभली जिची त्यांना आठ वर्षे ओढ होती.

सेवेतच सारे काही असते तर शारदासदनाच्या संस्थापिकेला ही पोकळी जाणवायचे कारण काय? संस्था होती, त्याग होता, जगाची वाहवा होती. एवढे सगळे असूनही आपण उपाशी आहोत हे ओळखण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. त्यांचे नाव घेऊन प्रार्थनेला फाटा देणाऱ्यांनी निदान त्यांचे म्हणणे तरी वाचावे.

त्या वळणानंतर काय झाले तेही पाहू, कारण माझा मुद्दा तिथे सर्वांत ठळक होतो. रमाबाई आपली खासगी प्रार्थना दार उघडे ठेवून करत. सदनातल्या काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात वादळ उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी अनेक मुलींना काढून नेले. दार बंद करणे सोपे होते. त्यांनी केले नाही. पुढे १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्यांचे आई-वडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळी भटकंतीत गेले होते. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते. त्या स्वतः निघाल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. प्लेगच्या दिवसांत पुण्यात इतक्या मुली ठेवता येईनात, तेव्हा केडगावच्या जमिनीवर मुक्तिसदन उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तिथे शेती होती, विणकाम होते, बायकांनी चालवलेला छापखाना होता, आंधळ्यांसाठी शिकवणी होती, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते.

आता आकड्यांकडे न पाहता क्रमाकडे पाहा. जे काम आज आपण ‘सेवा’ म्हणून डोक्यावर घेतो त्यातले बहुतेक काम प्रार्थनेने त्यांच्या आयुष्याचा ताबा घेतल्यानंतरचे आहे. प्रार्थनेने त्यांना जगापासून दूर नेले नाही. तिने त्यांना दुष्काळी मुलखात नेले. त्याच काळात पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात आणि रुग्णालयात स्त्रियांची जी विटंबना होत होती तिच्याविरुद्ध त्यांनी मुंबईच्या वर्तमानपत्रात जाहीर लिहिले आणि गोऱ्या सरकारची नाराजी ओढवून घेतली. गुडघे टेकणारी बाई सत्तेपुढे वाकत नव्हती.

यावर सुशिक्षितांचा एक नेहमीचा आक्षेप आहे. केडगावला १९०५ मध्ये जे झाले तो भावनेचा उमाळा होता, असे ते म्हणतात. वेल्समधल्या जागृतीच्या बातम्या आल्या, रमाबाईंनी वर्षाच्या सुरुवातीला ७० जणींचा प्रार्थनागट जमवला, तो वाढत कित्येक शेकड्यांवर गेला आणि जूनअखेर मुली रडू लागल्या, मोठ्याने पापांची कबुली देऊ लागल्या, रात्र-रात्र प्रार्थना करू लागल्या. अशा प्रकारांत अतिरेक शिरू शकतो, हे मला मान्य आहे. भावनेच्या लाटेलाच विश्वास समजणाऱ्या सभा आजही भरतात. पण झाडाची पारख फळावरून करायची असेल तर केडगावचे फळ पाहावे. त्या जागृतीनंतर छापखाना बंद पडला नाही, शेती पडीक राहिली नाही. आणि रमाबाई? त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे काम त्यांनी उरलेल्या आयुष्यभर केले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. त्यांचे बायबल १९२४ मध्ये पूर्ण छापून झाले. व्याकरण, कोश आणि मुद्रिते यांच्याशी वर्षानुवर्षे झुंजण्याची चिकाटी भावनेच्या उमाळ्यातून येत नाही.

इतका वेळ मी एका बाजूशी वाद घातला. दुसऱ्या बाजूलाही सोडता येणार नाही, कारण पहिल्या बाजूला जोर मिळतो तो दुसरीच्या वागण्यामुळे. प्रार्थनेचा अर्थ ‘मागणे’ एवढाच करणारा एक मोठा वर्ग आपल्यात आहे. नोकरी, व्हिसा, फ्लॅट, परीक्षेचा निकाल, कोर्टातली तारीख. देव म्हणजे अर्ज मंजूर करणारा अधिकारी, आणि विश्वास म्हणजे त्याच्यामागे लावलेला लकडा. मागूच नये असे मी म्हणत नाही. येशूने रोजची भाकर मागायला शिकवले आहे. पण त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरीच्या आधी पित्याचे नाव, पित्याचे राज्य आणि पित्याची इच्छा येते, आणि भाकरीनंतर लगेच ऋण्यांना क्षमा करण्याची अट येते. हा क्रम उलटवला की प्रार्थनेत शिष्य उरत नाही, फक्त अर्जदार उरतो.

या वर्गातले काही उपदेशक त्याही पुढे जातात. बरे झाला नाहीत तर तुमचा विश्वास कमी पडला, असे ते आजाऱ्याला सांगतात. औषध बंद करा, असेही कुणी सांगतात. हे क्रौर्य आहे आणि त्याला प्रभूच्या नावाचा आधार नाही. गेथशेमाने बागेत येशूने स्वतः प्याला टळावा म्हणून विनवणी केली. प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला, असे म्हणायची कुणाची छाती आहे? त्या रात्री प्रार्थनेने परिस्थिती बदलली नाही. प्रार्थना करणारा उठला आणि परिस्थितीला सामोरा गेला. झोपलेले शिष्य मात्र पळाले. जागा राहिलेला टिकला आणि झोपलेले पळाले, यात प्रार्थना आणि शिष्यत्व यांचे नाते जितके स्पष्ट दिसते तितके कुठल्याही प्रवचनात दिसणार नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: प्रार्थना आणि शिष्यत्व वेगळी केली की दोन्ही मरतात. आज्ञापालनाची तयारी नसलेली प्रार्थना मागण्यांची यादी बनते. प्रार्थना नसलेले शिष्यत्व आधी समाजकार्य बनते, मग सवय बनते, मग ओझे बनते. ‘काम हीच प्रार्थना’ म्हणणारा आणि ‘प्रार्थना केली, आता देव बघेल’ म्हणणारा हे एकमेकांचे विरोधक दिसतात. दोघांनी एकच गोष्ट टाळलेली असते. देवासमोर उभे राहून ‘मी काय करावे?’ असे विचारायचे आणि उत्तर आले की उठायचे, हे दोघांनाही नको असते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत सभ्य आहे आणि म्हणून सगळ्यांत घातक आहे. ‘हे सगळे मान्य, पण आम्ही संसारी माणसे. संपूर्ण समर्पण वगैरे फादर-सिस्टरांनी, पाळकांनी करावे. आम्ही रविवारी उपासनेला येतो, वर्गणी देतो, मुलांचे संस्कार वेळेवर करतो. देव समजून घेईल.’ या वाक्यात नम्रता दिसते. प्रत्यक्षात तो स्वतःच स्वतःला दिलेला रजेचा कागद आहे.

लूकच्या नवव्या अध्यायात स्वतःचा त्याग करून रोज वधस्तंभ उचलण्याची हाक येते, तेव्हा ती येशूने सर्वांना उद्देशून दिली असे लूक मुद्दाम नोंदवतो. बारा जणांना बाजूला घेऊन सांगितलेली ती गोष्ट नव्हती. ‘रोज’ हा शब्दही तिथेच आहे. रविवारचा उल्लेख नाही. चौदाव्या अध्यायात मोठा जमाव मागे येत असताना येशू वळतो आणि बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला देतो. तोही त्या जमावालाच. आणि चर्चनेही हे ओळखले आहे. जिनिव्हाचे बिशप फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ मध्ये भक्तिजीवनावरचे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले ते मठवासीयांसाठी नव्हते, घर, दरबार आणि बाजार यांत वावरणाऱ्या माणसांसाठी होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये चर्चविषयीच्या आपल्या घोषणापत्रात एक अख्खे प्रकरण याच विषयाला दिले की पावित्र्याचे पाचारण बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला आहे. सर्व विश्वासणारे याजक आहेत, हे लूथरचे म्हणणे प्रॉटेस्टंट मंडळ्यांना सांगायला नकोच. कॅथलिक असो वा प्रॉटेस्टंट, ‘मी संसारी’ ही सबब दोघांच्याही शिकवणीत बसत नाही.

मराठी ख्रिस्ती इतिहासात संसारी माणसांनी ही वाट चालून दाखवली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. बायको-मुले असलेला, मिशनच्या पगारावर चालणारा, नावाजलेला कवी. १९१७ मध्ये त्यांनी त्या पगारावर पाणी सोडले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांची, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्यांचीही, बंधुता त्यांना उभारायची होती. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते वारले आणि ते काम त्यांच्या हातून पुरे झाले नाही. व्यवहाराच्या मोजमापाने तो प्रयत्न फसला. पण त्यांची भजने आज महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत रविवारी गायली जातात, ती गाणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे की ती सुरक्षित अंतरावरून लिहिलेली नाहीत.

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला, ताटातूट झाली, वर्षानुवर्षे त्या मानसिक झगड्यातून गेल्या. नवऱ्याच्या मागे फरफटत त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. पाच वर्षे थांबून, स्वतः पारखून झाल्या. टिळकांच्या मृत्यूनंतर अर्धवट राहिलेले त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि त्याचा फार मोठा भाग स्वतः लिहिला. शाळेचे शिक्षण जवळजवळ नसलेल्या, घरातल्या कामांत आणि दुसऱ्यांच्या मुलांच्या पालनात बुडालेल्या या बाईपुढे ‘आम्हाला कुठे जमणार’ हे कारण किती टिकते, ते प्रत्येकाने स्वतः ठरवावे.

‘वेळ नाही’ हे कारण मी जास्त चर्चेला घेत नाही. लोकलमध्ये रोज दोन तास उभे राहून प्रवास करणाऱ्यांची, पाण्यासाठी पहाटे उठणाऱ्यांची, आजारी सासू-सासऱ्यांचे करणाऱ्यांची ओढाताण मला ठाऊक आहे. त्यांच्यातलेच कितीतरी जण मनापासून प्रार्थना करतात. हे कारण बहुधा ते सांगतात ज्यांच्या हातातला मोबाईल रात्री बारापर्यंत खाली ठेवला जात नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला गंभीरपणेच उत्तर दिले पाहिजे. ‘आपण मूठभर लोक. दिवस कठीण आहेत. प्रार्थनासभांवर हल्ले होतात, संशय घेतला जातो. अशा वेळी फार उत्साह दाखवू नये. घरात देवाचे नाव घ्यावे आणि गप्प राहावे.’ ही भीती खोटी नाही. कुणालाही उगाच संकटात लोटणारा उपदेश मी करणार नाही. आणि कुणाला आमिष किंवा दडपण आणून धर्मात ओढणे हे शिष्यत्व नव्हे, हेही मी तितक्याच स्पष्टपणे म्हणतो. पण भीतीपोटी विश्वास पातळ करावा, या सल्ल्याचे उत्तर जर्मनीने देऊन ठेवले आहे.

१९३५ मध्ये, नाझी सत्तेपुढे बहुसंख्य चर्च वाकलेले असताना, डीट्रिख बोनहॉफर या तरुण पाळकाने फिंकेनवाल्डे इथे पाळक घडवणारी एक शाळा चालवायला घेतली. तिथे रोज सकाळी शास्त्राच्या एकाच उताऱ्यावर अर्धा तास मूक मनन असे. त्याच्या मित्रांनाही ते पटले नाही. देश जळत असताना हा मठवासीयांचा खेळ कशाला, असे लोक म्हणाले; कार्ल बार्थसारख्या थोर धर्मशास्त्रज्ञालाही त्या मठाच्या वासाने चिंता वाटली. १९३७ मध्ये गेस्टापोने ती शाळा बंद केली. त्याच वर्षी बोनहॉफरचे शिष्यत्वावरचे पुस्तक आले. किंमत न मोजता मिळणारी कृपा, पश्चात्तापाविना क्षमा आणि वधस्तंभाविना ख्रिस्त, हाच आपल्या चर्चचा खरा शत्रू आहे, असे त्यात त्याने मांडले. १९३९ मध्ये तो न्यूयॉर्कला सुखरूप पोहोचला होता. मित्रांनी त्याच्यासाठी तिथे सगळी सोय केली होती. त्याला चैन पडेना. रोजच्या वाचनात पौलाने तीमथ्याला हिवाळ्यापूर्वी निघून ये असे लिहिलेले वचन समोर आले आणि ते त्याचा पिच्छा सोडीना. महिन्याभरातच तो जर्मनीला परतला, हिटलरविरोधी कटात सामील झाला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छावणीत फासावर गेला.

ज्या मूक अर्ध्या तासाला लोक पळवाट म्हणत होते, त्या अर्ध्या तासाची सवय असलेला माणूस सुरक्षित किनाऱ्यावरून आगीत परत आला. सावधगिरीचा सल्ला देणारे अनेक जण मात्र इतिहासाच्या त्या परीक्षेत गप्प राहिले. आपल्यावर तशी वेळ येईल की नाही हे मला सांगता येणार नाही. पण ज्याला बंद खोलीत पित्याशी बोलायची सवय नाही त्याच्याकडून चौकात सत्य बोलले जाण्याची आशा मी करणार नाही.

आपल्याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी बलाढ्य हितसंबंधांशी लढा दिला आणि ‘सुबोध बायबल’ही मराठीत आणले. आंदोलन आणि शास्त्राचे मनन यांत त्यांना निवड करावी लागली नाही. ती निवड आपणच आपल्या सोयीसाठी उभी केली आहे.

मग करायचे काय? मी मोठी योजना सांगणार नाही, कारण शिष्यत्व योजनेने सुरू होत नाही. रोज एक ठरलेली वेळ, कितीही लहान असो, पण ठरलेली. तिच्यावर दुसऱ्या कशाचाही हक्क नाही. त्या वेळेत शुभवर्तमानातला थोडासा भाग, घाई न करता. मग मागण्या मांडण्याआधी एक प्रश्न: प्रभू, आज तू मला काय करायला सांगतोस? उत्तर बहुधा मोठे नसते. ज्या भावाशी जमिनीच्या वाटणीवरून बोलणे बंद आहे त्याच्याकडे जाणे, कामवालीचा थकवलेला पगार देणे, खोटे बिल लावायला नकार देणे, आजारी शेजाऱ्याजवळ बसणे. ते त्याच दिवशी करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बसायचे आणि काय झाले ते देवासमोर मांडायचे. ज्या दिवशी प्रार्थनेत काहीच जाणवणार नाही त्या दिवशीही बसायचे. कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रे वाचली तर कळते की त्यांनी अशा कोरडेपणात किती दीर्घ काळ काढला आणि तरीही ना प्रार्थना सोडली ना रस्त्यावरचा मरणारा माणूस सोडला.

पाळकांना, धर्मगुरूंना आणि मंडळीच्या वडिलांना माझी वेगळी विनंती आहे. सभासदांची संख्या, इमारतीचा निधी आणि वार्षिक कार्यक्रम यांचे अहवाल आपण वाचून दाखवता. लोकांना प्रार्थना करायला मात्र आपण शिकवत नाही. त्यांना येतच असेल असे धरून चालतो. येशूच्या शिष्यांनी त्याच्याकडे चमत्कार शिकवण्याची मागणी केली नाही, उपदेशाची कला मागितली नाही. आम्हाला प्रार्थना करायला शिकवा, एवढे मागितले. आपल्या मंडळीतला एखादा तरुण हीच मागणी घेऊन आला तर त्याला देण्याजोगे आपल्याजवळ काही आहे का, हे प्रत्येक पुढाऱ्याने आज रात्री स्वतःला विचारावे.

आणि सेवेत झिजणाऱ्या माझ्या बंधूभगिनींना शेवटचे सांगणे. तुमचे काम मला कमी करायचे नाही. ते टिकावे असे मला वाटते. तुमच्यानंतरही ते प्रभूचे राहावे, एखाद्या संस्थेच्या नावापुरते उरू नये, असे वाटते. म्हणून उद्या सकाळी कामाला लागण्याआधी, फोन उचलण्याआधी, दार उघडण्याआधी, ज्याचे ते काम आहे त्याच्यासमोर बसा. मग उठा आणि तो सांगेल तिथे जा. एवढे करणाऱ्यालाच शास्त्र शिष्य म्हणते. त्याहून कमी करणाऱ्याला ते तसे म्हणत नाही.